खा-खा सुटते तेव्हा



या सदरात मी रक्तदाबावर लिहिले, मोतीबिंदूवर लिहिले, मधुमेह्यांनी पायांची निगा कशी राखावी तेही लिहिले. आजच्या विषयाला मात्र दोन वर्षे हात लावला नाही, कारण यातली रोगी मी स्वतः आहे.

माझे यजमान गेल्यानंतरची गोष्ट. दिवसभर मी अगदी व्यवस्थित असे. सकाळी नुसता चहा, दुपारी थोडी काकडी आणि टोमॅटो, कारण साखर वाढली होती आणि वजन कमी करायचे होते. रात्री दहा वाजता मुलगा आणि सून वरच्या खोलीत झोपायला गेली, की मी स्वयंपाकघरात जाई. दिवा लावत नसे. फ्रिजच्या उजेडात उभ्याने खाई. न्यूअर्क अव्हेन्यूवरून आणलेला बाकरवडीचा अख्खा पुडा, मग पावाचे चार-पाच तुकडे लोणी लावून, मग नातवंडांसाठी ठेवलेली बिस्किटे. भूक नसे, चव कळत नसे, पण हात थांबत नसे. पोट दुखायला लागले की थांबे. रिकामे पुडे पिशवीत बांधून, सकाळी कुणी उठायच्या आत बाहेरच्या पिंपात टाकून येई. चाळीस वर्षे वॉर्डात ज्या बाईने रोग्यांना ‘जिभेवर ताबा ठेवा’ असे सांगितले, तीच ही बाई.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे ए-वन-सीचा, आकडा साडेसातावरून साडेनवावर गेला तेव्हा लपवणे अशक्य झाले. त्यानंतर मी या त्रासावरचे दोन निरनिराळे उपचार घेतले. एकात याला व्यसन मानतात. दुसरा विचार आणि वागणूक यांची साखळी तोडू पाहतो. दोन्हींनी मला काही ना काही दिले. पण एका बाबतीत त्यांचा सल्ला एकमेकांच्या अगदी उलट आहे. आपल्या वयाच्या, साखरेची गोळी घेणाऱ्या आणि सणावारी उपास करणाऱ्या माणसाला तो फरक ठाऊक असलाच पाहिजे, म्हणून हा लेख.

हा आजार आहे का?

सणाला चार पुऱ्या जास्त खाल्ल्या, लग्नात दोनदा बिर्याणी घेतली, तर तो आजार नव्हे. डॉक्टर ज्याला ‘बिंज ईटिंग’ म्हणतात त्यात दोन गोष्टी एकत्र असतात. एक म्हणजे थोड्या वेळात, साधारण दोन तासांच्या आत, इतर कुणी खाणार नाही इतके खाणे. दुसरी, आणि जास्त महत्त्वाची, म्हणजे ‘आता मला थांबता येत नाही’ ही भावना. याच्या जोडीला भराभर खाणे, भूक नसताना खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, लाजेने एकट्याने खाणे आणि नंतर स्वतःची किळस येणे, यांपैकी किमान तीन गोष्टी असतात. असे आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने होत राहिले, तर तो आजार धरतात.

अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये अशा खाण्याचे वर्णन लिहिले होते. पण अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीत स्वतंत्र आजार म्हणून त्याला जागा मिळाली ती २०१३ मध्ये. म्हणजे मी वॉर्डात नोकरी करत होते तेव्हा या आजाराला आमच्या चार्टवर लिहायला नावच नव्हते. आम्ही ‘अधाशी’ म्हणत होतो. आज त्याचे वाईट वाटते.

अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, आयुष्यात कधी ना कधी हा त्रास झालेल्या स्त्रिया शंभरात साडेतीन आणि पुरुष शंभरात दोन निघाले. तेव्हा हा तरुण मुलींचा रोग आहे, आपल्याकडचे आजोबा यात कुठून येणार, असे समजू नका.

पहिली वाट : हे व्यसन आहे

दारू सोडवणाऱ्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या मंडळींचे नाव आपण ऐकले असेल. १९३५ मध्ये ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी ही चळवळ सुरू झाली. पुण्याचे मुक्तांगण ज्यांनी पाहिले आहे त्यांनाही व्यसनी माणसांनी एकत्र बसून एकमेकांना धीर देण्याची पद्धत परिचयाची असेल. १९६० मध्ये लॉस एंजेलिसला याच धर्तीवर ओव्हरईटर्स अ‍ॅनॉनिमस सुरू झाले. सोयीसाठी आपण त्याला ओए म्हणू.

ओएचे म्हणणे साधे आहे. काही माणसांचे खाण्याशी नाते दारुड्याचे दारूशी असते तसे असते. इच्छाशक्तीने ते सुटत नाही. आपण हतबल आहोत हे आधी कबूल करायचे, आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीवर भार टाकायचा, आपल्या चुकांचा हिशोब मांडायचा, ज्यांना दुखावले त्यांची भरपाई करायची आणि मग दुसऱ्याला मदत करायची. अशा एकूण बारा पायऱ्या आहेत. फी नाही, नाव सांगावे लागत नाही, अधाशी खाणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट. जुना सभासद नव्याचा हात धरतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. मोह झाला की त्याला फोन करायचा.

ओए सर्वांना एकच पथ्य घालून देत नाही. प्रत्येकाने आपला आहार आपण ठरवायचा असतो. पण व्यसनाच्या कल्पनेतून एक गोष्ट ओघाने येते. दारुड्याने एकही घोट घ्यायचा नाही, तसे ज्या पदार्थाने आपला तोल जातो तो पदार्थ पूर्ण बंद. बरेच जण साखर बंद करतात. अशाच धर्तीच्या काही गटांत साखर आणि पीठ दोन्ही बंद असते आणि बाकीचे अन्न तराजूत मोजून खातात.

मी सात महिने बैठकांना गेले. बैठकीत ऐकलेले बाहेर सांगायचे नसते, म्हणून तिथल्या कुणाविषयी लिहिणार नाही, फक्त मला काय मिळाले ते सांगते. पहिल्या दिवशी मी मोठ्याने म्हणाले, की मी रात्री अंधारात खाते आणि पुडे लपवते. कुणी हसले नाही, कुणी उपदेश केला नाही. दोन-तीन माना हलल्या. यजमान गेल्यापासून इतके हलके मला कधी वाटले नव्हते.

आपल्या काहींना एक शंका येईल. यातल्या बऱ्याच बैठका चर्चच्या तळघरात भरतात, आपण जावे का? ती मोठी शक्ती कोणती मानायची हे ज्याचे त्याच्यावर सोपवलेले असते. मी मनात शमा म्हणत असे. ज्यांना तरीही अवघड वाटेल त्यांच्यासाठी फोनवरच्या बैठकाही असतात.

दुसरी वाट : ही साखळी आहे

दुसऱ्या उपचाराचे नाव कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, थोडक्यात सीबीटी. मराठीत विचार-वर्तन उपचार म्हणू. फिलाडेल्फियाचे डॉक्टर एरन बेक यांनी १९६० च्या दशकात उदासीनतेच्या रोग्यांसाठी तो घडवला. ते आपल्याच धर्माचे, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबातले. पुढे इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचे डॉक्टर ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी खाण्याच्या आजारांसाठी त्याला खास रूप दिले.

त्यांचे म्हणणे असे, की खा-खा आकाशातून पडत नाही, तिच्यामागे साखळी असते. माणूस वजनाला किंवा साखरेला घाबरून कडक नियम करतो. गोड नाही, भात नाही, दुपारी जेवण नाही. शरीर उपाशी राहते, मन त्याच पदार्थांभोवती फिरते. मग एखादे दिवशी दुःख होते, एकटे वाटते, कुणी टाकून बोलते आणि एक बिस्कीट तोंडात जाते. लगेच मन म्हणते, नियम मोडलाच आहे, आता एक काय आणि दहा काय. मग सगळा डबा संपतो. मग लाज, आणि लाजेपोटी दुसऱ्या दिवशी आणखी कडक नियम. बुडत्याचा पाय खोलात.

उपचार या साखळीची एकेक कडी सोडवतो. पहिले काम वहीचे. काय खाल्ले, किती वाजता, कुठे आणि त्या वेळी मनात काय होते, हे खाल्ल्याबरोबर लिहायचे. नर्सला चार्ट लिहायची सवय, तरी स्वतःचा चार्ट लिहिताना माझा हात कापला. शब्बाथला लिहायचे नाही, म्हणून शनिवारी तारे दिसल्यावर आठवेल तेवढे लिहीत असे. समुपदेशक बाईंनी ते आनंदाने मान्य केले.

दुसरे काम घड्याळाचे. दिवसातून तीन जेवणे आणि दोन-तीन लहान खाणी, आणि मध्ये चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. भूक असो वा नसो. रात्री कितीही खाल्ले असले तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. माझी वेळापत्रकाची पाटी अशी होती : आठला भाकरी आणि अंडे, अकराला मूठभर शेंगदाणे, एकला थोडा भात, मासळीचे कालवण आणि भाजी, चारला चहा आणि फुटाणे, सातला जेवण आणि रात्री साडेनवाला, जेवणात मटण नसेल तर, कपभर दूध.

तिसरे काम लाटेचे. खाण्याची उबळ समुद्राच्या लाटेसारखी चढते आणि उतरतेही. ती उतरेपर्यंत हात गुंतवायचे. मी बहिणीला फोन लावते किंवा विणकाम काढते. चौथे काम विचारांचे. ‘आता एक काय आणि दहा काय’ हे वाक्य वहीत लिहून त्याच्याशी वाद घालायचा. औषधाची एक गोळी चुकली म्हणून आपण बाटली फेकून देतो का? शेवटी, ज्या पदार्थांची भीती बसली आहे ते थोडे-थोडे, ठरवून, चारचौघांत बसून खायला शिकायचे.

इथेच दोन्ही वाटा फुटतात. पहिली सांगते, तो पदार्थ कधीच नको. दुसरी सांगते, ‘कधीच नको’ हाच त्या रोगाचा एक भाग आहे.

मलिद्याची परीक्षा

हा फरक मला कागदावर कळला नाही, मलिद्याच्या ताटासमोर कळला.

ओएत असताना मी साखर पूर्ण बंद केली होती. पाच महिने पाळले. अशात एका नातेवाइकांकडे एलियाहू हन्नाबीचा मलिदा होता. पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, बदाम, मनुका आणि वर फळे. लहानपणापासून ज्याचा वास आला की आई आठवते, असे ते ताट. बराखा झाली आणि प्रसाद माझ्यापुढे आला. मी नाही म्हटले. यजमानीणबाईंचा चेहरा उतरला. मी फळाची एक फोड घेतली आणि माझा नियम शाबूत राहिला.

घरी आल्यावर त्या रात्री मी लाडवांचा अख्खा डबा संपवला.

सकाळी मला वाटले, सगळे पाच महिने वाया गेले. म्हणून शिक्षा म्हणून नाश्ता केला नाही, दुपारी जेवले नाही. साखर कमी करणारी गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली. तीनच्या सुमारास जर्नल स्क्वेअरच्या स्टेशनात मला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, समोरच्या पाट्या वाचता येईनात. मी काय होत आहे ते ओळखले, पण बोलताही येईना. बाकावर शेजारी बसलेल्या एका अनोळखी मुलीने आपल्या पिशवीतला संत्र्याचा रस दिला. नंतर पर्समधल्या यंत्रावर पाहिले तर साखर ५४ होती. रस प्यायल्यानंतरचा हा आकडा.

यात ओएचा दोष नाही. त्यांनी मला उपाशी राहून गोळी घे असे कधी सांगितले नव्हते. पण ‘पूर्ण बंद’ आणि ‘मोडलाच नियम’ या दोन टोकांमध्ये माझे मन कसे लोंबकळते ते मला त्या बाकावर दिसले. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला सीबीटीच्या समुपदेशक बाईंकडे पाठवले.

माझ्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, त्यांच्या परवानगीने लिहिते. नऊ वर्षे त्यांनी मिठाईला हात लावलेला नाही, आणि ते सुखी आहेत. ‘मला एक पेढा खाता येत नाही, शून्य पेढे सहज खाता येतात,’ असे ते म्हणतात. त्यांना तो मार्ग लागू पडला. मला नाही पडला. पण त्यांच्यात आणि माझ्यात एक फरक आहे : ते तिन्ही वेळा पोटभर जेवतात.

प्रिन्स्टनचे उंदीर, रटगर्सचे रोगी

आता कोण खरे? गंमत अशी, की या वादातली दोन महत्त्वाची कामे आपल्या न्यू जर्सीतच झाली.

प्रिन्स्टन विद्यापीठात बार्टली होबेल आणि निकोल अव्हेना यांनी उंदरांना साखरेचे पाणी देऊन पाहिले. उंदीर रोज बारा तास उपाशी ठेवायचे आणि मग बारा तास दाणे आणि साखरेचे पाणी द्यायचे. काही आठवड्यांत हे उंदीर पाणी मिळताच पहिल्या तासात त्याच्यावर तुटून पडू लागले. अफूचा परिणाम रोखणारे औषध दिल्यावर त्यांचे दात वाजू लागले, पंजे कापू लागले, जसे अफू सुटताना होते. व्यसनाची कल्पना मानणारे लोक या प्रयोगाकडे बोट दाखवतात, आणि त्यात तथ्य आहे. मेंदूत काहीतरी होते, ते नुसते लाडावलेपण नव्हे.

पण त्याच प्रयोगातली दुसरी अर्धी गोष्ट फार थोडे लोक सांगतात. ज्या उंदरांना साखरेचे पाणी दिवसभर मिळत होते, उपाशी ठेवले जात नव्हते, त्यांच्यात ही लक्षणे दिसली नाहीत. नुसत्या साखरेने नाही, आधी उपास आणि मग साखर, या आळीपाळीने ते घडले. मी हे वाचले तेव्हा माझाच दिनक्रम मला दिसला. दिवसा उपाशी, रात्री पुडा.

दुसरे काम रटगर्स विद्यापीठाचे. तिथले प्राध्यापक टेरेन्स विल्सन यांनी व्यसनाच्या कल्पनेची चिकित्सा करणारा लेख १९९१ मध्येच लिहिला होता. २०१० मध्ये त्यांनी आणि इतरांनी रटगर्स आणि सेंट लुई इथल्या मिळून २०५ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना वजन कमी करण्याचा नेहमीचा कार्यक्रम दिला, काहींना नातेसंबंधांवर बोलण्याचा उपचार दिला, आणि काहींना सीबीटीचे पुस्तक आणि त्यासोबत समुपदेशकाच्या फक्त दहा भेटी. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा खा-खा थांबवण्यात नुसत्या वजनाच्या कार्यक्रमापेक्षा बाकीचे दोन्ही उपचार सरस ठरले होते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शिकेनेही २०१७ मध्ये सांगितले, की या आजारात आधी सीबीटीवर आधारलेले, मार्गदर्शकासोबतचे पुस्तक द्यावे, आणि त्याने भागले नाही तर गटातला सीबीटी.

ओएची अशी काटेकोर तपासणी फार थोडी झाली आहे. ‘अन्नाचे व्यसन’ हे निदान अमेरिकेच्या अधिकृत यादीत अजून नाही. म्हणून ज्याला एकच वाट निवडायची असेल त्याला मी नर्स म्हणून सीबीटीच आधी सांगेन. मात्र खरे सांगायचे तर सीबीटीनेही सगळे बरे होत नाहीत, सुमारे निम्म्या लोकांची खा-खा थांबते. आणि त्याने वजन फारसे उतरत नाही. वजन उतरवायला आलात तर निराश व्हाल. रात्री शांत झोपायला आलात तर बहुधा फायदा होईल.

आपल्या वयात आधी हे पाहा

कोणत्याही वाटेने जाण्यापूर्वी औषधांची सगळी पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओता. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी भूक भयंकर वाढते. झोप आणि उदासीनतेसाठी देतात त्या मिरटाझापिननेही वाढते. कंपवातासाठीची प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही औषधे काही जणांत अनावर खाणे, जुगार, खरेदी असे वेड लावतात. अशा माणसाला बारा पायऱ्या नकोत आणि वहीही नको, आधी डॉक्टरांना सांगायला हवे. पण औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

दुसरे, ज्या आजी-आजोबांनी जन्मभर मोजके खाल्ले ते सत्तरीनंतर अचानक गोडावर तुटून पडू लागले, आणि त्यांचा स्वभाव बदलला, भीड-मर्यादा सुटली, तर मेंदूची तपासणी करून घ्या. एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशाची ती सुरुवात असू शकते. त्यांना रागावू नका.

तिसरे, इन्सुलिन किंवा ग्लिपिझाइड, ग्लायमेपिराइड अशा गोळ्या घेणाऱ्याने जेवण चुकवणे म्हणजे विहिरीच्या काठावर झोपणे. घाम, थरथर, गोंधळ झाला तर अर्धा कप फळाचा रस किंवा तीन-चार ग्लुकोजच्या गोळ्या घ्या, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजा, आणि ७० च्या खाली असेल तर परत घ्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, ९११ ला फोन करा.

चौथे, या आजारासाठी लिस्डेक्सअँफेटामिन नावाचे औषध २०१५ पासून अमेरिकेत मान्य आहे. पण त्याने नाडी आणि रक्तदाब वाढतो. हृदयाचा त्रास असलेल्याने हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याचा विचारही करू नये.

उपास आणि सण

योम किप्पुरचा सुमारे पंचवीस तासांचा उपास आणि बिरड्याच्या सणाचा उपास आपण लहानपणापासून पाळतो. ज्याला खा-खाचा आजार आहे त्याच्यासाठी उपास सुटण्याची घटका सर्वांत अवघड. पहिली दोन वर्षे मी उपास सोडताना पुऱ्यांवर अशी बसले की रात्रभर उठता आले नाही.

ज्याच्या जिवाला उपासाने धोका आहे त्याने उपास करू नये, असे आपला धर्मच सांगतो. जीव राखणे हे जवळजवळ सर्व आज्ञांच्या वर आहे. डॉक्टरांना आधी विचारा, मग रब्बींना विचारा. आजाऱ्याने थोड्या-थोड्या अंतराने अगदी थोडे अन्न घेण्याची सोयही धर्मशास्त्रात आहे. मी आता योम किप्पुरला तसेच करते. पहिल्या वर्षी सिनेगॉगमध्ये बसून चोरल्यासारखे वाटले. आता वाटत नाही.

मलिद्याचे म्हणाल, तर सीबीटीच्या आठव्या भेटीत आम्ही मलिद्याचीच तयारी केली. त्या दिवशी नाश्ता आणि दुपारचे जेवण नेहमीप्रमाणे करायचे. ताटलीत एक वाटीभर मलिदा घ्यायचा, खुर्चीवर बसून, चमच्याने, बोलत-बोलत खायचा. सोबत डबा बांधून घ्यायचा नाही. मी तसे केले. यजमानीणबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता वेलचीचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. त्या रात्री मी साडेनवाला दूध घेतले आणि झोपले.

मदत कुठे आणि घरच्यांनी काय करावे

मेडिकेअरच्या भाग बी मध्ये बाहेररुग्ण मानसोपचाराचा खर्च बसतो, आणि २०२४ पासून परवानाधारक समुपदेशकांचाही बसतो. मधुमेह असेल तर आहारतज्ज्ञाच्या भेटीही त्यात येतात. डॉक्टरांना नुसते ‘वजन वाढले’ असे सांगू नका. ‘मला थांबता येत नाही’ हे नेमके शब्द बोला. समुपदेशकाला विचारा, की खाण्याच्या आजारासाठी सीबीटी करता का. जगणेच नकोसे वाटत असेल तर ९८८ वर दिवसरात्र कुणीतरी फोन उचलते.

घरच्यांना हात जोडून सांगते : फ्रिजला कुलूप लावू नका, पुडे मोजू नका, सुनेने सासूला किंवा मुलाने बापाला चारचौघांत टोकू नये. एकत्र जेवायला बसा, आणि रात्री दहाच्या सुमारास एकदा खाली येऊन विचारा, ‘आई, चहा घेणार का?’ माझी सून आता तसे विचारते. आम्ही दोघी दिवा लावून बसतो.

माझे रात्रीचे खाणे पूर्ण गेले असे म्हणणार नाही. गेल्या वर्षात तीनदा झाले. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी भाकरी आणि अंडे खाल्ले. ए-वन-सी सात पूर्णांक आठवर आला आहे. सीबीटीने मला घड्याळ दिले. ओएने मला बोलायला शिकवले, आणि ते शिकले नसते तर हा लेख लिहून झाला नसता. म्हणून बैठकीला जाणाऱ्यांनो, जरूर जा, फक्त पोटभर नाश्ता करून जा.

या लेखात कुणाला स्वतःचे स्वयंपाकघर दिसले असेल, तर त्याने आज रात्री एकच करावे : उद्या सकाळी आठ वाजता काय खायचे ते कागदावर लिहून ठेवावे. आणि आज रात्री काहीही झाले तरी उद्या ते खावे.

शालोम.